सुलभाचे बेचाळीस किलोमीटर

सुलभा बिरादार लबाड नाही. या वाक्यानं सुरुवात करावी लागते आहे, याचाच मला आधी संताप आहे. चांगल्या माणसाची ओळख करून देताना तो चोर नाही, असं कोणी सांगत बसत नाही. पण दोनशे अठरा माणसांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं, ते ज्यांनी वाचलं त्यांच्यापैकी चार-दोघांनी तरी हेही वाचावं, म्हणून लिहिते.

आठवणीवर विसंबून लिहायची मला सवय नाही. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये अकराव्या वर्षी सिस्टरनी हातात वही दिली आणि रोज अर्धं पान लिहायला लावलं, तेव्हापासून आज एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत माझ्या डायरीत खंड नाही. आमचे हे गेले त्या दिवशीच्यासुद्धा तीन ओळी आहेत. पुढचं सगळं त्या वह्यांतून पाहून लिहिलेलं आहे. तारखा आणि वेळा तपासायच्या असतील तर चिक्कडपल्लीला माझ्या घरी यावं.

सुलभा आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, मी तिसऱ्या. वय एक्कावन्न. माहेर भालकीकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन हैदराबादला आली ती इथलीच झाली. नवरा, भगवंतराव, गौलीगुड्यात नट-बोल्टचं दुकान चालवतो. ती स्वतः हिमायतनगरला एका मॅचिंग सेंटरमध्ये एकवीस वर्षं काउंटरवर उभी आहे. उभी म्हणजे शब्दशः उभी, सकाळी दहा ते रात्री साडेआठ. बायका साडीचा पदर तिच्यापुढे धरतात, ती एकदाच बघते आणि मागच्या तीनशे ताग्यांतून नेमका त्याच रंगाचा तागा ओढते. मेंदीचा हिरवा, बाटलीचा हिरवा, शेवाळी, पोपटी हे तिला दिव्याखाली न नेता कळतात. दुकानात तिचा शब्द शेवटचा. "सुलभाम्मानं दिलं ना? मग तेच," असं तेलुगू बायकासुद्धा म्हणतात.

तिच्या पळण्याची सुरुवात बसमुळे झाली. बस आली नाही की ती दुकानापर्यंत चालत जायची, चालताना उशीर झाला की पळत. एका हातात डबा, दुसऱ्या हातात निऱ्या. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एक दिवस वर आली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या वहीत माझं बी एक लिहून ठेवता का?"

"काय लिहायचं?"

"किती वाजता निघाले अन् किती वाजता आले. मोबाईलवर येतंय म्हणतेत, पण माझा मोबाईल अर्ध्या वाटेत मरतो."

तेव्हापासून पहाटे साडेपाचला ती फाटकातून "निघाले हो मावशी!" म्हणून ओरडायची, आणि मी गॅलरीत घड्याळ आणि वही घेऊन बसलेली असायची. भगवंतरावांनी स्कूटरच्या काट्यावर अंतरं मोजून दिली. टिंगलही केली. "पन्नाशीची बाई, कुणाच्या मागं लागलीय, का कोण हिच्या मागं लागलंय, काही कळत नाही बघा," असं मला जिन्यात म्हणाले. पण पार्कची एक फेरी किती, टँकबंडचं टोक किती, हे कागदावर लिहून त्यांनीच आणून दिलं होतं.

पुढल्या वर्षी ती पार्कच्या फाटकाशी जमणाऱ्या एका रनिंग ग्रुपमध्ये गेली. ग्रुपचा कॅप्टन अमेय नावाचा. पुण्याचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सहा वर्षांपासून हैदराबादला. वय छत्तीस. पहिल्या दिवसाची हकिकत सुलभानं मला हसत हसत सांगितली, मी मात्र ती दात-ओठ खात लिहून घेतली.

"काकू, तुम्ही मराठी?" त्यानं विचारलं.

"हौ."

"हौ! किती क्यूट! म्हणजे इकडचं मराठी ना?"

इकडचं म्हणजे काय? सुलभाच्या आजेसासऱ्यांनी निजामाच्या काळात मोडीत अर्ज लिहिले होते. आमची मराठी या शहरात त्याच्या कंपनीच्या काचा बसायच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे. पण सुलभा म्हणाली, "जाऊ द्या मावशी, पळायला शिकवतोय ना चांगलं."

आणि शिकवत होता, हे मी नाकारणार नाही. आठवड्याचं वेळापत्रक तो देई. मंगळवारी हळू, गुरुवारी चढावर, रविवारी लांब. त्या ग्रुपची एक पद्धत मला मनापासून आवडली होती. रविवारी पळून झालं की सगळे फाटकाशी गोल करून उभे राहात आणि ज्यानं त्यानं आपापले किलोमीटर मोठ्यानं सांगायचे. "बारा." "सोळा." "आठच, पाय दुखतोय." कॅप्टन ते आपल्या तक्त्यात टाकायचा. कोणी तपासत नसे. ज्याच्या तोंडून जो आकडा निघाला तो खरा. असा विश्वास बँकेत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही, म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

या वर्षी एप्रिलमध्ये सुलभा म्हणाली, पूर्ण मॅरेथॉन पळणार. बेचाळीस किलोमीटर, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. कॅप्टन म्हणाला, "काकू, दहाची करा ना. मजा येते, फोटो छान येतात."

"फोटोला नाही पळत मी," सुलभा म्हणाली.

"बरं, मग हाफ. तुमच्या एजला फुल म्हणजे रिस्क."

तो तिला 'तुमच्या एजला' म्हणाला आणि त्याच गोलात त्रेपन्न वर्षांचे एक डॉक्टर उभे होते, त्यांना मात्र 'सर, यू आर अ‍ॅन इन्स्पिरेशन'. हे मी त्या दिवशीच्या पानावर लाल शाईनं लिहिलेलं आहे.

एप्रिल-मेचं हैदराबाद. सकाळी साडेसातलाच रस्ता तापतो. सुलभा पायात साधे कॅनव्हासचे बूट घालून अठरा किलोमीटर पळाली आणि उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून निघालं. दुकानात दिवसभर त्या पायावर उभी. भगवंतरावांनी न बोलता तिला खरे पळायचे बूट आणून दिले, एक नंबर मोठे. दुकानदारानं तसेच घ्या म्हणून सांगितलं होतं, पण तिला वाटलं नवऱ्याला आपलं मापही माहीत नाही. दोन दिवस अबोला. मग पळून बघितल्यावर तिनंच जाऊन माफी मागितली.

मे महिन्यात ती जिना चढताना धापा टाकायला लागली. मी जबरदस्तीनं रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आठ पॉइंट नऊ. डॉक्टरांनी तीन आठवडे पळणं बंद केलं. त्या तीन आठवड्यांत रोज साडेपाचला ती माझ्या गॅलरीत येऊन बसायची. मी वहीत लिहायची, 'सु. पळाली नाही.' ती ते वाचायची आणि म्हणायची, "नाही लिहायचं तर चालंल की मावशी."

"न पळालेलंही लिहावं लागतं. नाहीतर पळालेल्याला अर्थ काय?"

तेवढ्यात कॅप्टननं तिला न विचारता तिचं नाव बेचाळीसच्या यादीतून काढून दहाच्या यादीत टाकलं. तिनं गोळ्या संपवल्या, पुन्हा सहा किलोमीटरपासून सुरुवात केली, आणि रविवारच्या गोलात उभी राहून म्हणाली, "माझं नाव परत बेचाळीसमध्ये लिवा." त्यानं लिहिलं. तोंड वाकडं करून लिहिलं.

जुलैतल्या दुसऱ्या रविवारची नोंद मी इथं जशीच्या तशी उतरवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. 'सु. निघाली ५:०२. बेत बत्तीस कि.मी. आली १०:१०. रडलेली.' झालं असं की सव्विसाव्या किलोमीटरला तिच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की ती टँकबंडवरच्या बसस्टॉपवर बसली आणि उठलीच नाही. अर्ध्या तासानं बस आली, तिच्यात चढून घरी आली. बसमधल्या एका बाईनं तिच्याकडे बघून स्वतःहून जागा दिली, त्याचंच तिला जास्त रडू आलं.

मी बत्तीस लिहिण्यासाठी पेन उचललं होतं. मला काय माहीत.

"बत्तीस नका लिहू मावशी. सव्वीस लिहा."

"आणि सहा?"

"सहा बसचे."

मी 'सव्वीस (आणि सहा बसचे)' असं लिहिलं, आणि त्या अवस्थेतही ती हसली. पार्कच्या फाटकाशीसुद्धा तिनं पुढल्या रविवारी तेच सांगितलं. तिथं बाकीच्यांचे बत्तीस झाले होते आणि तिला कोणी विचारणार नव्हतं. ज्या बाईनं बसचे सहा किलोमीटर स्वतःच्या तोंडानं वजा केले, तिच्यावर पुढे दीड महिन्यानं दोन किलोमीटर चोरल्याचा आळ आला. आता सांगा, राग येईल का नाही?

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तिनं बत्तीस पूर्ण केले. जिन्यातूनच ओरडत वर आली. "मावशी, आज पाय माझे नव्हतेच! कुणीतरी उसने दिल्यावानी पळायलेत!"

मॅरेथॉन पहाटे पाचला सुटणार होती. सत्ताविसाव्या किलोमीटरला नारायणगुड्याच्या चौकात रस्ता वळणार, म्हणजे आमच्या घराजवळच. पळणाऱ्यांनी तिथपर्यंत यायचं, खांबाला वळसा घालायचा आणि आल्या रस्त्यानं परत जायचं. मी ठरवलं की तिथं उभं राहायचं, लिंबाचं सरबत द्यायचं आणि रांगोळी काढायची. माझी ठिपक्यांची रांगोळी चांगली असते. हे मी स्वतः म्हणते, कारण ते खरं आहे. तळमजल्यावरची माधवी बरोबर आली. साडेपाचला आम्ही दोघी स्टूल, रांगोळीचे डबे, पणती, सरबताचा कॅन घेऊन चौकात हजर.

ड्यूटीवरचा कॉन्स्टेबल म्हणाला, "अम्मा, साइड में डालो."

मी साइडलाच काढली. पण एकवीस ठिपके, एकवीस ओळींची रांगोळी साइडला मावत नाही. अर्धा रस्ता गेला. पुढे रस्त्यावर एक काळी रबरी पट्टी आडवी टाकलेली होती, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे लाल शंकू. वायरी झाकायला टाकली असेल असं मला वाटलं. पट्टीला लागूनच माझी रांगोळी संपत होती. माधवीनं रंग भरले, मधोमध पणती ठेवली. सहा चाळीसला काम संपलं. कॉन्स्टेबलनंही फोटो काढला.

सातनंतर पळणारे यायला लागले. मी स्टुलावर बसून प्रत्येकाच्या छातीवरचा नंबर आणि सेकंदासकट वेळ लिहायला घेतली. सुलभा केव्हा येईल माहीत नव्हतं, आणि रिकाम्या हातानं बसणं मला जमत नाही. सगळे डावीकडून वळत होते, आतली बाजू जवळची पडते म्हणून. रांगोळी शाबूत होती.

आठ वाजून चोवीस मिनिटांनी सुलभा आली. नंबर तीन हजार तीनशे शेहेचाळीस. चेहरा मिठानं पांढरा, पण पाय चांगले पडत होते. माझ्याकडे सरबत घ्यायला उजव्या कडेला आली, दोन घोट प्यायली आणि समोर रांगोळी बघून थबकली.

"केवढी मोठी काढलीत मावशी!"

"तुझ्यासाठी काढली. पळ!"

डावीकडे चार-पाच जण एकदम आले होते. ती उजवीकडून, शंकूच्याही बाहेरून, रांगोळीला वळसा घालून खांबाकडे गेली, खांबाला फिरली आणि परतीच्या रस्त्याला लागली. मला इतकं भरून आलं की मी नंबराच्या पुढे लिहिलं, 'रांगोळीवर पाय न देता बाहेरून गेली. संस्कार.'

तिनं पाच तास चोवीस मिनिटांत बेचाळीस किलोमीटर पूर्ण केले. गळ्यात पदक घालून रिक्षातून आली. त्या दिवशी जिना चढायला तिला अकरा मिनिटं लागली. भगवंतराव मागून एकेक पायरी मोजत होते, टिंगल करत होते आणि डोळे पुसत होते.

मंगळवारी दुपारी कॅप्टनचा संदेश ग्रुपवर आला. तो माझ्याकडे आहे. 'सांगताना वाईट वाटतंय, पण आपल्या एका मेंबरचा सत्तावीस केचा टर्न सिस्टीममध्ये नाही. डिवायडर क्रॉस केला तर दोन के वाचतात हे सगळ्यांना माहीत आहे. शॉर्टकट मारून मेडल घेणं ही आपल्या ग्रुपची संस्कृती नाही. रिझल्ट डिसक्वालिफाय झालाय. नाव घेत नाही.' खाली निकालाचा फोटो. त्यात नाव सुलभाचंच, लाल गोल करून. याला म्हणतात नाव न घेणं!

बुधवारी दुकानात ग्रुपमधली एक बाई फॉल घ्यायला आली आणि मैत्रिणीला म्हणाली, "ये वही आंटी हैं ना, शॉर्टकट वाली?" सुलभा खाली मान घालून कापड कापत राहिली. त्या दिवशी तिनं मेंदीच्या हिरव्या साडीला बाटलीचा हिरवा दिला. गिऱ्हाईक परत आलं. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी ती वर आली. पदक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

"हे परत देऊन येते मावशी. अन् ग्रुपात बी नक्को आता."

"तू वळलीस का नाही? मी डोळ्यांनी पाहिलं ना?"

"तुम्ही पाहिलं. पण तिथं माझ्या तोंडचा आकडा चालत होता. आता नाही चालणार. मग काय सांगू रविवारी? गप उभं राहू?"

मी त्या अमेयला फोन लावला. "आजी, प्लीज समजून घ्या," तो म्हणाला. "रस्त्यावर टायमिंगची मॅट असते. बुटाला चिप असते. मॅटवर पाय पडला की वेळ नोंदली जाते. काकूंची नोंद नाही. सिस्टीम खोटं बोलत नाही."

"म्हणजे बाई खोटं बोलते?"

"मी पर्सनली कोणाला ब्लेम करत नाहीये. डेटा आहे."

"तुम्ही तिला एकदा विचारलंत का, की बाई, तू वळलीस का?"

तो म्हणाला, "ऑकवर्ड झालं असतं." आळ घेणं ऑकवर्ड नाही, विचारणं ऑकवर्ड!

फोन ठेवला आणि मॅट हा शब्द डोक्यात फिरत राहिला. मी वही उघडली. 'बाहेरून गेली. संस्कार.' माझंच अक्षर, नीट, ओळीवर. ती काळी रबरी पट्टी म्हणजे मॅट. दोन शंकूंमधून जायचं होतं, आणि माझ्या रांगोळीनं तिला शंकूच्या बाहेर काढलं. दोन किलोमीटर चोरायचं सोडाच, ती चार पावलं जास्त पळाली होती. तिच्या निकालावर लाल गोल माझ्या एकवीस ठिपक्यांनी काढला होता. त्या रात्रीपुरता माझा अमेयवरचा राग माझ्यावर आला. कॉन्स्टेबल सांगत होता, साइडला काढा.

सकाळी सुलभाला वही दाखवली. तिनं वाचली. मग शांतपणे म्हणाली, "मग काय रांगोळीवर पाय द्यायला पाहिजे होता?"

"हो! द्यायचास! शर्यत होती ती!"

"ते नाही जमलं असतं मावशी. तुम्ही काढलेली."

दुकानातून तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आम्ही मॅरेथॉनवाल्यांच्या ऑफिसात गेलो. आधी एकानं बसवलं, दुसऱ्यानं 'मेल करा' सांगितलं. मी म्हटलं, मी अठ्ठावन्न साली लिहायला लागले तेव्हा मेल नव्हता, मी वही दाखवते. मग आतून पद्मावती नावाच्या बाई आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, निकालाचं काम हौसेनं बघणाऱ्या. आमचं बोलणं तेलुगूत झालं.

"अम्मा, रांगोळी हे कारण नियमात नाही," त्या म्हणाल्या.

"कारण नका घेऊ. ही वही घ्या. मी सात वाजून पाच मिनिटांपासून त्या चौकात एकशे त्रेसष्ट नंबर लिहिलेत. तुमच्या मशीनशी ताडून बघा. एक जरी चुकला तर मी तिला घेऊन परत जाते."

बँकेतल्या बाईला ताळा जुळवायचा म्हटलं की राहवत नाही. त्यांनी चष्मा बदलला, स्क्रीन फिरवली आणि बोट ठेवत ठेवत वाचायला लागल्या. मी नंबर सांगे, त्या वेळ सांगत. पहिले दहा झाले, वीस झाले. सुलभा कोपऱ्यात उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही, सवय नाही. चाळिसाव्या नंबरला पद्मावती थांबल्या.

"तुमचं घड्याळ मशीनपेक्षा चाळीस सेकंद पुढे आहे. प्रत्येक वेळी चाळीसच."

"मी ते पुढेच ठेवते."

त्या हसल्या आणि सगळे एकशे त्रेसष्ट बघितले. एकशे बासष्ट जुळले. उरलेला एक सुलभाचा. तिच्या आधीचा आणि तिच्या नंतरचा, दोघांच्या वेळा मशीनमध्ये माझ्या वहीसारख्याच. मधे तीन हजार तीनशे शेहेचाळीस. आणि पुढे ती ओळ. पद्मावतींना मराठी वाचता येत नव्हतं, मी वाचून अर्थ सांगितला. त्यांनी सुलभाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "पाय द्यायला नको वाटलं?" सुलभा तेलुगूत म्हणाली, "वाटलंच नाही तसं करावं."

चिपची वेळ आता बनवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण अपात्रतेचा शिक्का काढला, 'वळणावर प्रत्यक्ष नोंद' असा शेरा घातला, आणि तिथंच बसून कॅप्टनला कळवलं.

त्या संध्याकाळी अमेयनं काय करावं? त्यानं तो संदेश पुसून टाकला. नुसता पुसला. आता तिथं 'हा संदेश हटवला आहे' एवढंच दिसतं. दोनशे अठरा माणसांनी वाचलं ते वाचलं, त्याच्या हातावर मात्र डाग नाही. आमच्या सिस्टर पाटीवरसुद्धा पुसू देत नसत. चूक झाली तर तिच्यावर एक सरळ रेघ, खाली बरोबर काय ते, बाजूला आपली सही. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, हे वर्गातल्या पोरांनाही कळत होतं. मोठ्या कंपनीतल्या माणसाला कळत नाही.

रविवारी सुलभा म्हणाली, "मी जाते पळायला. तुम्ही बी चला." मी रिक्षानं पार्कच्या फाटकाशी गेले आणि कट्ट्यावर वही घेऊन बसले. साडेसातला सगळे परत आले, गोल करून उभे राहिले. कॅप्टनच्या हातात फोन. सुलभाला बघून तो दुसरीकडे बघायला लागला.

"सोळा," डॉक्टर म्हणाले.

"सोळा."

"बारा. भैया, नींदच नहीं खुली."

सुलभाची पाळी आली. ती म्हणाली, "अठ्ठावन्न."

कोणी तरी हसलं. अमेय म्हणाला, "काय काकू? आज सोळाचा रूट होता."

"आजचे सोळा. त्या रविवारचे बेचाळीस लिवायचे राहिलेत."

"हां, ते... मेल आलीय मला. मी अपडेट करतो नंतर, ऑफलाइन."

"नक्को. इथं समदे तोंडानं सांगतेत. मी सांगितलं. आता तुम्ही तोंडानं सांगा, लिवलं म्हणून."

फॉल घ्यायला आलेली ती बाईही तिथं होती, बुटाची नाडी बघत. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "बोल दो कॅप्टन, देर हो रही है."

अमेयचे कान लाल झाले. "सुलभाताई, बेचाळीस," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पूर्ण. मी लिहिलं होतं ते चूक होतं. मी विचारायला हवं होतं." आणि फोनवर बोट चालवलं.

"आणि आजचे सोळा," सुलभा म्हणाली.

"आणि सोळा."

मी वेळ लिहिली, सात वाजून एक्केचाळीस मिनिटं. तो काकूवरून ताईवर आला, हेही लिहिलं. पण लेखी आळाची लेखी दुरुस्ती त्यानं अजून केलेली नाही. म्हणून ती मी इथं केली आहे.

परत येताना रिक्षात सुलभानं पाय समोरच्या दांडीवर ताणून धरले होते. मग म्हणाली, "मावशी, पुढल्या वर्षी रांगोळी फुटपाथवर काढा."

"फुटपाथवर एकवीस ठिपक्यांची मावत नाही."

"मग अकराची काढा."

अकरा ठिपक्यांना मी अजून होकार दिलेला नाही.